घराच्या भरवशावर

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ रोजी, एका शनिवारी, वणव्यांत १७३ माणसं गेली. त्यांपैकी ११३ जणांचा मृत्यू घरात झाला. हा घटनाक्रम त्या घरांचा आहे.

नागपूरकराला ४६ अंश म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. मे २०१३ मध्ये आपल्या शहरानं ४७.९ पाहिलं आहे. पण त्या उन्हात, जंगलाच्या काठावर, चारी बाजूंनी आग असताना घर किती वेळ तग धरतं, हा प्रश्न आपण कधी विचारलेला नाही. व्हिक्टोरियानं तो विचारला होता, आणि उत्तरही बरंचसं हाती आलं होतं.

१३ जानेवारी १९३९
मेलबर्नमध्ये ४५.६ अंश. शहराच्या तोवरच्या नोंदीतला सर्वाधिक आकडा. राज्यभरातल्या वणव्यांत ७१ मृत्यू. पुढे अ‍ॅलन मॅकआर्थर या वनशास्त्रज्ञानं आगीचा धोका मोजायचा निर्देशांक तयार केला, तेव्हा या दिवसाला १०० गुण धरले. याहून वाईट दिवस मोजायची वेळ येईल असं तेव्हा कुणी धरलं नव्हतं.

१६ फेब्रुवारी १९८३
ॲश वेन्सडे. व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलियात मिळून ७५ मृत्यू. आग विझल्यावर संशोधक जळक्या वस्त्यांत घरोघर फिरले. कुठलं घर जळलं, कुठलं वाचलं, आग नेमकी कुठून शिरली याच्या नोंदी त्यांनी केल्या. बहुतेक घरं ज्वाळांच्या लोटानं पेटली नव्हती. वाऱ्यानं उडून आलेले निखारे छतावरच्या पन्हळीत, फळीखाली, दाराच्या फटीत पडले होते आणि तिथून घर आतून पेटलं होतं. घरात धडधाकट माणूस बादली घेऊन उभा असेल तर घर वाचायची शक्यता पुष्कळ वाढत होती. उशिरा पळायला निघालेले मात्र रस्त्यात सापडून मेले होते.

यातून राज्याचं धोरण ठरलं: लवकर निघून जा, नाहीतर तयारीनिशी घरात थांबा आणि घर राखा. माणूस घर वाचवेल, घर माणसाला वाचवेल. धोरण पुराव्यावर उभं होतं, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती: घर तेवढं मजबूत असेल.

१९९१
वणव्याच्या प्रदेशात घर कसं बांधावं याचं राष्ट्रीय मानक निघालं: एएस ३९५९. १९९९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. व्हिक्टोरियात ते लागू होतं फक्त नव्या बांधकामाला, आणि तेही स्थानिक कौन्सिलनं ‘वणवाप्रवण’ म्हणून जाहीर केलेल्या भागातच. आधीची घरं होती तशीच राहिली. लाकडी फळ्यांच्या भिंती, खुंटांवर उचललेली जमीन, तिच्याखाली मोकळी जागा, समोर लाकडी ओटा.

त्यानंतर पुढच्या आवृत्तीवर काम सुरू झालं. ते वर्षानुवर्षं चाललं.

फेब्रुवारी २००८
किलमोर ईस्ट या गावाजवळ टेकड्यांवरून जाणाऱ्या वीजवाहिनीची ठरलेली तपासणी झाली. एकेरी तार, दोन खांबांमधलं अंतर एक किलोमीटरहून थोडं जास्त. तार चाळीस वर्षांहून जुनी. खांबाशी ती जिथे अडकवलेली होती, तिथली पकड खोबणीत नीट बसलेली नव्हती. वाऱ्यानं तार थरथरली की ताण त्याच एका बिंदूवर पडत होता. तपासणीत ते सुटलं.

२८ ते ३० जानेवारी २००९
मेलबर्नमध्ये सलग तीन दिवस ४३.४, ४४.३ आणि ४५.१ अंश. जानेवारीत पाऊस जवळपास नाहीच. त्या आठवड्यात नेहमीपेक्षा ३७४ माणसं जास्त दगावली असा हिशेब आरोग्य खात्यानं नंतर मांडला. हे फक्त उष्म्याचे बळी. अजून आग लागायची होती. निलगिरीच्या जंगलातला पालापाचोळा आणि खोडांवरून लोंबणारी साल या आठवड्यात वाळून कुरकुरीत झाली.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी
राज्य सरकारचे प्रमुख जॉन ब्रम्बी यांनी जनतेला सांगितलं की उद्याचा दिवस राज्याच्या इतिहासातला सर्वांत वाईट ठरू शकतो. गरज नसेल तर बाहेर पडू नका. हवामान खात्याचा अंदाजही अचूक होता: दिवसभर उत्तरेकडून वाळवंटी वारा, संध्याकाळी नैऋत्येकडून अचानक पालट. राज्यभर उघड्यावर आग पेटवायला बंदी.

राज्याला इशारा मिळाला नव्हता असं कुणी म्हणू शकत नाही. गावाला, गल्लीला मिळाला नाही.

शनिवार, ७ फेब्रुवारी. सकाळ
‘लवकर निघून जा’ याचा खरा अर्थ आग लागायच्या आत निघून जा. म्हणजे आकाश स्वच्छ असताना, धूर नसताना, गुरंढोरं आणि कुत्री-मांजरं घेऊन घर सोडायचं, कुठे जायचं ते ठरलेलं नसलं तरी. या वणव्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाला नंतर दिसलं की पुष्कळ कुटुंबांनी ना हे केलं ना ते. त्यांनी थांबून बघायचं ठरवलं. तो निर्णय बेफिकिरीचा नव्हता. त्यांच्याजवळ पंप होता, पाण्याच्या नळ्या होत्या, टाकी भरलेली होती, आणि सरकारचंच धोरण थांबायला परवानगी देत होतं.

११:४७
किलमोर ईस्टच्या टेकडीवरून आगीची पहिली खबर आली. नागपुरात तेव्हा सकाळचे ६ वाजून १७ मिनिटं झाली होती. ती एकेरी तार काही मिनिटांपूर्वी पकडीजवळ तुटली होती आणि वीज वाळल्या गवतावर उतरली होती. वाऱ्याचे झोत ताशी १०० किलोमीटरच्या घरात. थोड्या वेळात अग्निशमन गाड्या पोचल्या, पण आग त्यांच्या हाताबाहेर गेली होती.

१:३० च्या सुमारास
दीडशेहून जास्त किलोमीटर दूर, चर्चिल गावाजवळ दुसरी आग. ही मुद्दाम लावलेली होती. तिच्यात ११ जण गेले.

२:०० च्या सुमारास
किलमोर ईस्टची आग ह्यूम फ्रीवेपाशी पोचली. दोन्ही बाजूंच्या मार्गिका आणि मधला पट्टा धरून हा रस्ता एखाद्या जाळरेषेपेक्षा कितीतरी रुंद. आगीनं तो ओलांडला. पलीकडे वँडाँग, आणि त्यानंतर माउंट डिसअपॉइंटमेंटचं घनदाट जंगल. तिथून उठलेल्या धुराच्या स्तंभानं जळत्या सालीचे तुकडे वर ओढले आणि पुढे फेकले. त्या दिवशी काही निखारे मूळ आगीपासून ३५ किलोमीटर अंतरापर्यंत पडले.

म्हणजे नकाशावर दिसणारी आगीची कड खोटी होती. आग त्या कडेच्या कितीतरी पुढे पोचलेली होती.

दुपार
आगीच्या वागणुकीचा अभ्यास असलेले तज्ज्ञ मेलबर्नच्या समन्वय केंद्रात बसले होते. त्यांनी आग कुठे जाईल याचे नकाशे काढले. त्या नकाशांवर किंगलेक आणि आसपासची गावं होती. नकाशे अचूक होते. ते ज्यांच्या हाती पडायला हवे होते त्यांच्या हाती पडले नाहीत, आणि त्यांच्या आधारे गावांना इशारेही गेले नाहीत.

कांगारू ग्राउंड इथल्या नियंत्रण केंद्रात किंगलेक परिसरासाठीचे इशारे लिहून तयार होते. पण आगीचा ताबा कागदोपत्री किलमोरच्या केंद्राकडे होता. इशारा त्यांनी काढायचा. तयार मजकूर पडून राहिला.

या दिवसाच्या सगळ्या तपशिलांत मला हाच सर्वांत जड वाटतो. तार तुटणं, वारा, उष्मा हे माणसाच्या हातात त्या घटकेला नव्हतं. हा कागद होता.

२:५५ च्या सुमारास
मरिंडिंडी इथल्या लाकूड गिरणीजवळ तिसरी मोठी आग. ती आग्नेयेकडे निघाली. मेरीसव्हिल हे सुमारे ५०० वस्तीचं पर्यटकांचं गाव तिच्या वाटेवर नव्हतं, बाजूला होतं.

३:०० नंतर
मेलबर्नमध्ये ४६.४ अंश. १९३९ चा विक्रम मोडला. धोक्याचा निर्देशांक अनेक ठिकाणी १०० च्या बराच वर गेला होता. ज्या दिवसाला मोजपट्टीचं टोक मानलं होतं, ते टोक मागे पडलं.

सायंकाळी ५:०० नंतर
किंगलेक मेलबर्नच्या ईशान्येला, डोंगराच्या माथ्यावर. घरं चढाच्या काठाशी, कारण दरीचा देखावा तिथून दिसतो. आग चढावर धावते. उतार दर १० अंशांनी वाढला की तिचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. खाली स्ट्रॅथ्युअन होतं, सुमारे दोनशे वस्तीचं. तिथे २७ जण गेले.

५:४५ च्या पुढे, किंगलेक
आग येण्याआधी अंधार आला. मग निखारे आले. पुढची काही मिनिटं घरात काय घडतं हे चौकशीत आणि संशोधकांच्या पाहणीत तपशिलानं नोंदलेलं आहे. घर जळायचा क्रम साधारण असा.

आधी वीज जाते. विजेवरचा पंप थांबतो. पेट्रोलवरचा पंप असेल तर त्याला जोडलेली प्लॅस्टिकची नळी किंवा तोटी वितळते. टाकी भरलेली असते, पाणी येत नाही.

पन्हळीतला पाला पेट घेतो. छताच्या पत्र्याखालच्या फटीतून निखारे माळ्यावर जातात. तिथे कुणी पाहायला नसतं. छतावर कूलर असतो, आपल्याकडे असतो तसाच, पाण्यावर चालणारा. त्याच्या ताट्या वीज गेल्यावर त्या उन्हात वाळायला वेळ लागत नाही. वाळली ताटी निखाऱ्याला पुरते, आणि कूलरची नळी थेट खोल्यांत उघडते.

खिडकीची काच बाहेरच्या धगीनं तडकते. ती एकदा गेली की निखारे सरळ पडद्यावर आणि गादीवर. ओट्याच्या फळ्यांच्या सांध्यात पडलेला निखारा वाऱ्यानं फुलत राहतो. फरशीखालच्या मोकळ्या जागेत सरपण रचून ठेवलेलं असतं.

ज्वाळांचा मुख्य लोट घरावरून काही मिनिटांत पुढे जातो. घराला तेवढी मिनिटं तग धरायची असते; नंतर माणूस जळून गेलेल्या काळ्या जमिनीवर बाहेर पडू शकतो. १९८३ चं सगळं गणित या मिनिटांवर उभं होतं. ७ फेब्रुवारीला अनेक घरं बाहेरची आग सरायच्या आत आतून पेटली. माणसं धुरापासून लांब जात घरात आत आत सरकली. बरीच न्हाणीघरात सापडली. तिथे पाणी असतं, खिडकी लहान असते. बाहेर जायला दार नसतं.

६:०० च्या सुमारास
राज्याच्या पोलीस प्रमुख क्रिस्टिन निक्सन समन्वय केंद्रातून निघाल्या आणि नंतर बाहेर जेवायला गेल्या. आयोगानं पुढे यावर स्पष्ट ठपका ठेवला.

६:०० ते ६:३०
अंदाजाप्रमाणे वारा फिरला. तोवर किलमोर ईस्टची आग वायव्येकडून आग्नेयेकडे सुमारे ५० किलोमीटर लांब, चिंचोळी पसरली होती. नैऋत्येचा वारा लागताच तिची अख्खी पूर्वेकडची बाजू तोंड झाली आणि एकदम पुढे निघाली. हवा गार झाली, तशी आग अधिक पसरली. मरिंडिंडीच्या आगीचंही तेच झालं. बाजूला असलेलं मेरीसव्हिल आता तिच्या समोर होतं.

वारा कधी फिरणार हे आदल्या दिवसापासून माहीत होतं. वारा फिरल्यावर बाजूची गावं पुढ्यात येतात हे १९८३ पासून माहीत होतं. ॲश वेन्सडेचे बहुतेक बळी वारा पालटल्यानंतरचेच होते.

६:४५ च्या सुमारास, मेरीसव्हिल
पोलिसांनी मैदानावर जमलेल्या लोकांच्या गाड्यांची रांग करून त्यांना अलेक्झांड्रा गावाकडे काढलं. रांगेत आले ते वाचले. मागे राहिलेल्यांवर आग आली. गावातल्या मोजक्या इमारती उरल्या. मरिंडिंडीच्या आगीत एकूण ४० मृत्यू, ५३८ घरं.

रात्र
त्या दिवशी व्हिक्टोरियात गवताच्या, झुडपांच्या, जंगलाच्या ३१६ आगी नोंदल्या गेल्या. मृतांचा आकडा पुढचे कित्येक दिवस वाढत राहिला. किलमोर ईस्टची एकटी आग: ११९ माणसं, १,२४२ घरं. राज्यात एकूण २,००० हून जास्त घरं.

१० मार्च २००९
एएस ३९५९ ची नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्या शनिवारला ३१ दिवस झाले होते. असं मानक ३१ दिवसांत लिहून होत नाही. ते आधीपासून वाटेवर होतं. दुसऱ्या दिवशी, ११ मार्चला, व्हिक्टोरियानं ते लागू केलं.

नव्या आवृत्तीत घर बांधणाऱ्याला पहिले प्रश्न जागेबद्दल विचारले जातात. १०० मीटरच्या आत काय उगवतं: जंगल, झुडपं की गवत? ते घरापासून किती मीटरवर आहे? घराकडे चढ आहे का, आणि किती अंशांचा? या उत्तरांवरून घराची पातळी ठरते. तिकडे तिला ‘बॅल’ म्हणतात. सर्वांत खालच्या पातळीच्या वर १२.५, १९, २९, ४० आणि शेवटी ‘फ्लेम झोन’. आकडे म्हणजे भिंतीच्या दर चौरस मीटरवर पडू शकणारी उष्णता, किलोवॉटमध्ये. भर दुपारचं कडक ऊन साधारण १ किलोवॉट असतं. १२.५ ला जवळ ठिणगी असेल तर लाकूड पेटू शकतं. ४० ला काय होईल ते नागपूरच्या उन्हात उभं राहून ४० नं गुणून पाहावं.

मग बारीक नियम. बाहेरच्या कुठल्याही फटीची रुंदी ३ मिलिमीटरच्या वर नको. हवेच्या झरोक्यांना आणि उघडणाऱ्या खिडक्यांना धातूची जाळी, तिची छिद्रं २ मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत. छतावरच्या कूलरला तशीच जाळी, किंवा छताच्या पातळीला बंद होणारी झडप. वरच्या पातळ्यांना कडक केलेली, जाड काच. यातल्या पुष्कळ गोष्टी महागड्या नाहीत.

३१ जुलै २०१०
बर्नार्ड टीग यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाचा अंतिम अहवाल आला. ६७ शिफारशी. ‘थांबा किंवा निघा’ या धोरणाला आयोगानं मोडीत काढलं नाही, पण त्याच्या मर्यादा नोंदवल्या: असे दिवस असतात की त्या दिवशी नीट तयारी केलेलं घरही राखता येत नाही. त्याआधीच, २००९ च्या अखेरीस, राज्यानं धोक्याची नवी, सर्वांत वरची पायरी आणली होती. तिचं तेव्हाचं नाव ‘कोड रेड’. अशा दिवशी सल्ला एकच: निघून जा. ज्या जागांवर पुन्हा घर बांधणं फार धोक्याचं आहे त्या मालकांच्या इच्छेनं सरकारनं विकत घ्याव्यात, अशीही शिफारस होती. सप्टेंबर २०११ मध्ये वणवाप्रवण प्रदेशाचा नकाशा राज्यानंच अख्ख्या व्हिक्टोरियासाठी जाहीर केला. कौन्सिलनं जाहीर केलं तर नियम, नाहीतर नाही, ही पद्धत संपली.

२०१४
किलमोर ईस्टच्या वणव्याच्या दाव्यात ४९ कोटी डॉलरहून जास्त रकमेची तडजोड झाली. एका पकडीतली तार.

आता आपल्याकडे. इमारतीच्या आगीचे आपले नियम वापर आणि उंची विचारतात, आणि आग आतून लागेल असं धरून चालतात. जिने, पाण्याच्या टाक्या, सुटकेचे मार्ग; शहरातल्या उंच इमारतीला हे योग्यच आहे. पण पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला इथल्या जंगलांच्या काठाला जी फार्महाऊसं आणि कुट्या उभ्या राहत आहेत, त्यांना उंची नाही. त्यांना गवताचं छप्पर आहे, बांबूच्या भिंती आहेत, सागाचा ओटा आहे, आणि अंगणापर्यंत आलेला सागाचा पाचोळा आहे. मोहफुलं वेचायला झाडाखाली लावलेली आग दरवर्षी कुठे ना कुठे हाताबाहेर जाते. विदर्भाचं पानगळीचं जंगल निलगिरीसारखं पेटत नाही. इथली आग बहुधा जमिनीवरून, पाचोळ्यातून सरकते, आणि म्हणून तिच्यापासून घर वाचवणं व्हिक्टोरियापेक्षा सोपं आहे. सोपं असूनही न करणं याला सबब नाही.

जंगलाकाठी बांधत असाल तर आर्किटेक्टला हे विचारा: शंभर मीटरच्या आत काय वाढतं, घर चढाच्या डोक्यावर तर नाही ना, झरोक्याला दोन मिलिमीटरची जाळी आहे का, पंप विजेशिवाय चालतो का, आणि प्रत्येक मुक्कामाच्या खोलीतून बाहेर पडायला दोन वाटा आहेत का. ऑस्ट्रेलियाच्या मानकाच्या प्रस्तावनेतच लिहिलेलं आहे की नियमानुसार बांधलेलं घर प्रत्येक वणव्यात टिकेलच याची हमी नाही. म्हणून सहावा प्रश्न स्वतःला: निघायचं कधी, आणि कुठे.

वनविभागाचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो. घराभोवतीचा पाचोळा आणि छतावरची पन्हळ त्याआधी साफ करा.